रायवळ आंब्याचा लेप आणि निखाऱ्यावरची कोंबडी

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे दोन पाऊस झाले, की कोकणात रायवळ आंब्यांच्या झाडाखाली नुसता सडा पडतो. हापूस पेटीत बसून शहर गाठतो. रायवळाला फारसे गिऱ्हाईक नाही. त्याला रेषा फार, साल पातळ, आणि एकदा आपटला की दुसऱ्या दिवशी नासलाच. पोरे खातात, गुरे खातात, कुठे थोडी आंबापोळी होते, आणि बाकीचा तिथेच कुजतो. या आंब्याचा एक उपयोग आज सांगावयाचा आहे, आणि तो गोडाच्या पदार्थांतला नव्हे. निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीला लावावयास त्याचा गोड-तिखट लेप फार चांगला होतो.

‘कोंबडीला आंबा?’ असे कुणी म्हणेल. पण रायवळाचे सासव आपल्याकडे होतेच की! त्यात पिका आंबा, गूळ, मोहरी आणि लाल मिरची एकत्र नांदतात. मुंबईचे पारशी लोक तर मटणात जर्दाळू घालतात आणि वर बटाट्याच्या तळलेल्या काड्या पसरतात. तेव्हा गोडाचे आणि तिखटाचे काही वाकडे नाही. वाकडे आहे ते गोडाचे आणि विस्तवाचे.

ते कसे, पाहा. पाहुणे येतात, कोंबडी कापली जाते, कुणी हौशी माणूस तिला गुळाचे किंवा मधाचे पाणी आधीच चोळून ठेवतो आणि सळईवर चढवतो. दहा मिनिटांत वरून सुरेख तांबूस रंग येतो, आणखी पाच मिनिटांत ती काळी पडते. भाजली असे समजून उतरवतात, आणि फोडून पाहावे तो हाडापाशी लाल! काही जण तशीच खातात, आणि मग रात्रभर घरातल्या पोरांना जुलाब-उलट्या. कच्च्या कोंबडीत रोगजंतू असतात. ते मरावयास मांस आतपर्यंत सुमारे 74 अंश सेल्सिअस तापले पाहिजे. साखरेला मात्र तेवढा धीर नाही. फळांतली जी फळसाखर, ती 110 अंशांच्या आसपासच तपकिरी होऊ लागते. नेहमीची साखर 160 अंशांपर्यंत तग धरते, पण निखाऱ्याची धग त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे आतले मांस शिजावयाच्या आधीच वरचा गोडवा करपून कडू होतो. म्हणून लेप लावावयाचा तो शेवटच्या सात-आठ मिनिटांत. त्याआधी कोंबडीला फक्त मीठ, हळद, आले-लसूण आणि लिंबू.

आता लेपाकडे वळू. दीड किलो कोंबडीला दोन वाट्या रायवळाचा रस पुरे. रेषा राहू नयेत म्हणून तो चाळणीतून काढावा. त्यात अर्धी कैरी किसून घालावी. कैरी आंबटपणासाठी हवीच, पण तिचे आणखी एक काम आहे. कच्च्या फळात पेक्टिन नावाचे द्रव्य पिक्या फळापेक्षा जास्त असते. साखर आणि आंबट यांच्या संगतीत ते घट्ट होते, आणि त्यामुळे लेप मांसाला धरून राहतो; नाहीतर ओघळून निखाऱ्यात जातो. नुसता गोड पिका आंबा घेतला तर लेप पाणचट होतो, हे ध्यानात ठेवावे.

दहा ब्याडगी मिरच्या आणि चार तिखट लवंगी मिरच्या कोमट पाण्यात भिजवून आठ पाकळ्या लसणाबरोबर वाटाव्यात. ब्याडगीचा रंग दांडगा, तिखटपणा बेताचा. हे वाटण रसात थेट कालवू नये. आधी दोन चमचे तेलात मंद आचेवर परतून घ्यावे. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नीट विरघळत नाही. रश्श्यावर लाल तर्री येते ती याचमुळे. शाळेत गुरुजींना हे सहज दाखवता येईल. दोन काचेच्या पेल्यांत, एकात पाणी आणि दुसऱ्यात कोमट तेल घेऊन चिमूट चिमूट तिखट टाकावे. तेल लालभडक होते, पाण्यात बहुतेक तिखट तळाशी जाऊन बसते.

परतलेल्या वाटणात रस, कैरी, वाटीभर चिरलेला गूळ आणि चमचाभर मीठ घालून मंद आचेवर आटवावे. आंबा फार गोड असला तर गूळ कमी करावा. इथे जिभेवर भरवसा ठेवावा. रस रटरटू लागला की थेंब उडतात आणि हात भाजतात, म्हणून पळी लांब दांड्याची घ्यावी आणि पोरांना दूर ठेवावे. पातेले स्टीलचे किंवा चांगली कल्हई केलेले. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ शिजवणे धोक्याचे आहे, आणि लोखंडी कढईत रस काळवंडतो. अर्ध्या तासात लेप निम्म्यावर येतो. पळीच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. ती मिटली नाही की लेप झाला.

विस्तवाचीही घाई करू नये. कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत थांबावे. जाळीच्या उंचीवर तळहात धरून चार-पाच आकडे मोजता आले तर आच बेताची आहे. चरबी टपकून ज्वाळा उठू लागल्या तर तुकडे बाजूला सरकवावेत. बॉयलर कोंबडीच्या हाडासकट तंगड्यांना पाऊण तासाच्या आत-बाहेर लागतो. गावठी कोंबडीची गोष्ट वेगळी. ती नुसती भाजली तर चामड्यासारखी होते, दाताला दाद देत नाही. तिला आधी हळद-मीठ घालून अर्धवट शिजवावे, ते पाणी रश्श्याला ठेवावे, आणि लगेच निखाऱ्यावर धरावे.

मांस भाजले की नाही हे सुरी खुपसून पाहतात. मांडीच्या जाड भागातून स्वच्छ पाणी यावे, लालसर येऊ नये. पण रंग कधी कधी फसवतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा जत्रेत शंभर पानांचा स्वयंपाक असेल, तर खुपसून पाहण्याचा तापमापक विकत घेतलेला बरा.

खात्री झाली की लेपाचा पातळ हात द्यावा, मिनिटभराने परतावे, दुसऱ्या बाजूला द्यावा. असे दोन-तीन हात दिले की चकाकी येते. एकदाच जाड थापला तर वरून करपतो आणि खाली कच्चाच राहतो. लावावयाला लागेल तेवढा लेप वाटीत वेगळा काढावा. कच्च्या कोंबडीला लागलेला कुंचा लेपाच्या पातेल्यात बुडवला, तर सगळी मेहनत फुकट गेली आणि जंतू पुन्हा पानात आले. कुठे काळा कोळसा झालाच, तर तेवढा भाग काढून टाकावा. तो खाणे प्रकृतीला चांगले नाही.

शाकाहारी मंडळींनी सुरणाचे उकडलेले काप असेच भाजून पाहावेत. लेपातल्या आंबटाने सुरणाची खाज कमी होते, हा फायदा वेगळाच.

जिथे रायवळ नाही तिथे चिंचेच्या कोळाचा लेप करावा. चिंच हेही फळच, मात्र तिला गूळ दुप्पट लागतो. पावसाळ्यात आंबापोळी कोमट पाण्यात भिजवून वापरली तरी चालते. ती गोड असेल तर गूळ घालूच नये. कच्च्या अननसाचा रस कोंबडीला लावून रात्रभर ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. त्यातले पाचक द्रव्य मांसाचा पिठूळ लगदा करते. अननस आधी उकळला तर ती शक्ती जाते.

मुरांबा वर्षभर टिकतो म्हणून हा लेपही टिकेल असे समजू नये. मुरांब्यात साखर भरपूर असते. यात ती थोडी, वर लसूण आणि तेल. शीतकपाटात झाकून ठेवला तर चार-पाच दिवस, नाहीतर त्याच दिवशी संपवावा. उरलेला दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीबरोबर उत्तम लागतो.