नव्या औषधाने उतारा वाढला की योगायोग? शेतावरील चाचणीसाठी सोपे संख्याशास्त्र

दर हंगामात बाजारात नवे वाण, नवी खते, पीकवाढीची नवनवीन संजीवके येतात. विक्रेता सांगतो, "एकरी उतारा वाढतो." शेजारी सांगतो, "मला फरक दिसला." आपणही एखाद्या वाफ्यावर फवारून पाहतो. त्या वाफ्यात दोन किलो जास्त निघाले की पुढच्या वर्षी संपूर्ण क्षेत्रासाठी बाटल्या घेतो. ते दोन किलो औषधामुळे आले की जमिनीच्या कसामुळे, याचा निवाडा मात्र झालेला नसतो. औषध निरुपयोगी असेल तर दरवर्षीचा खर्च वाया जातो, आणि चांगले असूनही चाचणी चुकीची झाली तर फायदा हातचा जातो. हा निवाडा करण्याचे शास्त्र म्हणजे संख्याशास्त्र. त्याची तोंडओळख करून घेण्यास बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ काढणारा साधा गणकयंत्र एवढे पुरेसे आहे.

एकाच शेतात उतारा किती बदलतो?

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ सालापासून शेतीचे प्रयोग चालू आहेत. तेथे १९१० साली मर्सर व हॉल या शास्त्रज्ञांनी एक एकर गव्हाचे ५०० सारखे तुकडे पाडून प्रत्येकाचे धान्य वेगळे वजन केले. वाण एक, खत एक, मशागत एक. तरीही सर्वांत कमी तुकड्यात २.७३ पौंड (सुमारे १.२४ किलो), तर सर्वांत जास्त तुकड्यात ५.१६ पौंड (सुमारे २.३४ किलो) धान्य मिळाले. म्हणजे काहीही वेगळे न करता जवळजवळ दुप्पट फरक!

आपल्या शेतातही असेच असते. बांधाकडेला सावली, उताराच्या खालच्या बाजूला गाळ, कोठे मुरूम, कोठे गेल्या वर्षीच्या शेणखताच्या ढिगाची जागा. म्हणून एका वाफ्याची दुसऱ्या एका वाफ्याशी केलेली तुलना ही बहुधा दोन जमिनींची तुलना ठरते.

चाचणीचे तीन नियम

रोथॅमस्टेड येथे १९१९ साली रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ रुजू झाले. शेतीच्या प्रयोगांची आजची पद्धत प्रामुख्याने त्यांनी बसवून दिली. तिचे तीन आधार पुढीलप्रमाणे आहेत.

१) पुनरावृत्ती : तुलना एकदाच न करता अनेक जागी करावी. दोन-तीन जोड्यांवर विसंबू नये. निदान सहा जोड्या घ्याव्यात.

२) गट पाडणे : एका जोडीतील दोन वाफे शेजारी-शेजारी आणि शक्य तितक्या सारख्या जमिनीत असावेत. जमिनीला उतार असेल तर जोडीतील दोन्ही वाफे उताराच्या एकाच पातळीवर आखावेत. जोडी-जोडीत फरक असला तरी चालेल, जोडीच्या आत नसावा.

३) चिठ्ठी टाकणे : जोडीतील कोणत्या वाफ्यावर औषध फवारायचे हे नाणे उडवून किंवा चिठ्ठी टाकून ठरवावे. आपण स्वतः निवडले तर हात नकळत चांगल्या वाफ्याकडे जातो आणि जमिनीचे श्रेय औषधाला मिळते.

याशिवाय वाण, पेरणीची तारीख, खत व पाणी दोन्ही वाफ्यांत एकच ठेवावे. औषध न फवारलेल्या वाफ्यावर तेवढ्याच साध्या पाण्याची फवारणी करावी. वारा नसताना फवारावे, दोन वाफ्यांमध्ये काही ओळी मोकळ्या राखाव्यात आणि त्या ओळींचे उत्पादन हिशेबात धरू नये. धान्य सारखे वाळवून एकाच काट्यावर वजन करावे.

आकडे कसे वाचावेत?

समजा, सोयाबीनवर एका संजीवकाची चाचणी घेतली. प्रत्येक वाफा एक गुंठ्याचा, एकूण सहा जोड्या. पुढील आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.

तक्ता : उत्पादन, किलो प्रति गुंठा

| जोडी | फवारलेला | न फवारलेला | फरक |
|---|---|---|---|
| १ | २२ | २० | +२ |
| २ | १८ | १९ | −१ |
| ३ | २४ | २२ | +२ |
| ४ | २० | २० | ० |
| ५ | २३ | २१ | +२ |
| ६ | १९ | १८ | +१ |
| सरासरी | २१ | २० | +१ |

गुंठ्याला एक किलो, म्हणजे एकरी ४० किलो वाढ. ऐकायला चांगले वाटते. पण दुसऱ्या जोडीत उत्पादन घटले आणि चौथ्या जोडीत काहीच फरक पडला नाही. मग सरासरीवर विश्वास ठेवावा का? त्यासाठी पुढील हिशेब करावा.

१) प्रत्येक फरकातून सरासरी फरक (१) वजा करावा : १, −२, १, −१, १, ०.

२) त्यांचे वर्ग करून बेरीज घ्यावी : १ + ४ + १ + १ + १ + ० = ८.

३) या बेरजेला जोड्यांच्या संख्येतून एक वजा करून येणाऱ्या अंकाने (६ − १ = ५) भागावे : १.६.

४) त्याला जोड्यांच्या संख्येने भागावे : १.६ ÷ ६ = ०.२६७. याचे वर्गमूळ ०.५१६. यास प्रमाण त्रुटी म्हणतात. आपल्या सरासरीत जमिनीच्या चढउतारामुळे किती अनिश्चितता आहे, हे ती सांगते.

५) सरासरी फरकाला प्रमाण त्रुटीने भागावे : १ ÷ ०.५१६ = १.९४.

हा शेवटचा अंक म्हणजे 'टी'. तो काढण्याची कल्पना विल्यम गॉसेट यांची. ते गिनेस या मद्य बनविणाऱ्या कंपनीत नोकरीस होते आणि १९०८ साली त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने ती प्रसिद्ध केली. थोड्याच नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि शेतकऱ्यापुढेही तोच असतो.

आता हा अंक पुढील मर्यादेशी ताडून पाहावा.

| जोड्या | टी ची मर्यादा |
|---|---|
| ३ | ४.३० |
| ४ | ३.१८ |
| ६ | २.५७ |
| ८ | २.३६ |
| १० | २.२६ |

औषधाचा काहीही परिणाम नसला तरी निव्वळ योगायोगाने ही मर्यादा १०० पैकी सुमारे ५ वेळाच ओलांडली जाते. आपला १.९४ हा अंक २.५७ पेक्षा कमी आहे. म्हणून वाढ सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. हेच दुसऱ्या रीतीने पाहू. २.५७ ला ०.५१६ ने गुणले की १.३३ येतात. म्हणजे खरा फरक गुंठ्याला ०.३३ किलो घट ते २.३३ किलो वाढ यांमध्ये कोठेही असू शकेल. एकरी सुमारे १३ किलो तोट्यापासून ९३ किलो फायद्यापर्यंत. एवढ्या अंधारात संपूर्ण क्षेत्राचा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

आता समजा, सहा फरक असे आले असते : १, ०.५, १.५, १, ०.५, १.५. सरासरी तीच, १ किलो. पण वरीलप्रमाणे हिशेब केल्यास टी सुमारे ५.५ येतो. येथे वाढ भरवशाची मानता येईल. सरासरी दोन्हीकडे सारखीच, निष्कर्ष मात्र उलट. म्हणूनच केवळ सरासरी सांगणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नये. "किती ठिकाणी पाहिले आणि प्रत्येक ठिकाणी किती फरक आला?" असे अवश्य विचारावे.

विद्यापीठाचे तक्ते वाचताना

कृषि विद्यापीठांच्या प्रयोगांच्या तक्त्याखाली 'सी. डी.' असा एक आकडा दिलेला असतो. दोन सरासरींत निदान एवढा फरक असेल तरच तो लक्षणीय समजतात. उदाहरणार्थ, तीन वाणांचे हेक्टरी उत्पादन २४.६, २३.८ व २०.९ क्विंटल आणि सी. डी. २.१ असेल, तर पहिले दोन वाण उत्पादनात समान मानावेत, कारण त्यांतील फरक फक्त ०.८ आहे. त्यांतून निवड करताना बियाण्याची किंमत, रोगप्रतिकारशक्ती, पक्वतेचा कालावधी पाहावा. तिसरा वाण मात्र दोघांपेक्षा खरोखरच मागे आहे.

भारतातील शेती संशोधकांच्या अनेक पिढ्या हे शास्त्र डॉ. वि. गो. पानसे व डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावरून शिकल्या. डॉ. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. चिठ्ठीने शेत निवडून तेथील ठरावीक तुकड्याची कापणी व वजन करण्याची पीक कापणी प्रयोगाची पद्धत आपल्या देशात रुजविण्यात या दोघांचा मोठा वाटा आहे.

लक्षात ठेवण्याच्या बाबी

- फरक सिद्ध झाला नाही याचा अर्थ औषध निरुपयोगी ठरले असा नव्हे. जोड्या वाढवून पुन्हा चाचणी घ्यावी.
- फरक सिद्ध झाला तरी फायदा झालाच असे नाही. वाढीव उत्पादनाची किंमत औषध व फवारणीच्या मजुरीपेक्षा जास्त आहे का, हे पाहावे.
- एका हंगामाचा निष्कर्ष त्या हंगामाच्या पावसापुरता असतो. निदान दोन-तीन हंगाम पाहावे.
- नको असलेला आकडा वहीतून खोडू नये. गुरे शिरणे, पाणी तुंबणे अशी घटना घडल्यास ती त्याच दिवशी नोंदवावी.
- किती जोड्या घ्यायच्या हे पेरणीपूर्वी ठरवावे. मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत राहू नये.

बारा गुंठे जमीन, एक वजनकाटा, एक वही आणि एक नाणे एवढ्या साहित्यात ही चाचणी होते. आखणी करताना अडचण आल्यास जवळच्या कृषि विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना पेरणीच्या आधी भेटावे. वाफे चुकीचे आखले गेले तर कापणीनंतर कोणत्याही हिशेबाने ती चूक दुरुस्त होत नाही.