माळ्यावरच्या बरणीचा खरा भाव

दौंडजवळच्या पाटसला जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं की आधी माळा रिकामा होतो. खाली आलेल्या सामानात तांब्या-पितळेची वाटणी तासाभरात होते, कारण त्याचा भाव तराजूवर ठरतो. काच आणि चिनी माती मात्र भिंतीकडेला पडून राहते. लोणच्याच्या पिवळ्या-पांढऱ्या बरण्या, कंदिलाची काच, गोटी सोड्याच्या बाटल्या, फुलाफुलांच्या संचातले उरलेले तीन-चार कप. भंगारवाला काचेला किलोचा भाव सांगतो आणि बरणीकडे बघतही नाही. घरातलं कॉलेजात जाणारं पोर मोबाईलवर तसल्याच बरणीला मागितलेली हजारोंची किंमत दाखवतं. भंगारवाल्याचा आकडा खरेदीचा नाही, मोबाईलवरचा विक्रीचा नाही. खरा भाव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तो काढायचा तर वस्तू आधी उलटी करावी लागते.

तळ बघायचा तो अशासाठी, की समोरचा भाग गिऱ्हाइकासाठी सजवलेला असतो आणि तळाकडे कारागिराने फारसं लक्ष दिलेलं नसतं. वस्तू कशी घडवली, भट्टीत कशी ठेवली, किती वर्षं ओट्यावर सरकवली, हे सगळं तिथे दिसतं.

बरणीपासून सुरुवात करू. आपल्याकडची ओळखीची बरणी खाली पांढुरकी आणि खांद्यापासून वर पिवळसर तपकिरी असते. ही जाड, दगडी पोताची माती साधारण १२०० अंशांच्या पुढे भाजलेली असते, म्हणून ती पाणी, तेल, मीठ पीत नाही. दोन रंग येतात ते दोन झिलयांत दोन बाजूंनी बुडवल्यामुळे. हे तंत्र इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात एकोणिसाव्या शतकात रुळलं आणि पुढे आपल्याकडच्या कारखान्यांनीही उचललं. तळाची कडा आणि तोंडाची कडा मुद्दाम बिनझिलईची ठेवतात, नाहीतर झिलई वितळून बरणी भट्टीच्या फळीला आणि झाकण बरणीला चिकटून बसेल. या कोऱ्या कडेवरून बोट फिरवा. जुन्या बरणीची कडा घासून गुळगुळीत झालेली असते, पण ती सगळीकडे सारखी झिजत नाही. रोज ज्या बाजूला ओढली गेली ती बाजू जास्त गेलेली असते. मुद्दाम जुनी केलेली बरणी गोल फिरवून घासलेली असते, म्हणून तिची झीज एकसारखी येते.

आता हात आत घाला. बोटांना आडव्या वळ्या लागल्या तर बरणी चाकावर घडवलेली आहे. आतून सपाट आणि बाहेर उभी शिवण दिसली तर ती साच्यातली. चाकावरची म्हणजे जुनीच, असं मात्र धरू नये. खुर्जासारख्या ठिकाणी चाकं आजही फिरतात. काही बरण्यांना दोन रंग नसतात, सगळं अंग तपकिरी आणि संत्र्याच्या सालीसारखं बारीक खडबडीत असतं. ती मिठाची झिलई. भट्टी पुरती तापली की आत मीठ टाकायचे. त्यातलं सोडियम मातीतल्या वाळूशी मिळून काचेचा पातळ थर धरायचं. धुराचा फार त्रास होतो म्हणून ही पद्धत बहुतेक ठिकाणी मागे पडली, त्यामुळे अशी बरणी मिळाली तर ती वेगळी काढून ठेवावी.

चीर शोधायला डोळ्यांपेक्षा कान बरे. बरणी जमिनीवर मोकळी ठेवून बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर कुठेतरी चीर आहे. खात्री हवी असेल तर पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. झिलईवरच्या केसाएवढ्या रेषांचं जाळं ही चीर नव्हे. माती आणि झिलई कमी-जास्त आकसतात, त्यातून ते जाळं पडतं. पण लोणच्याची बरणी असेल तर त्या रेषांतून तेल आणि मीठ आत मुरतं. पुढे त्या मिठाचे खडे धरतात आणि झिलईचे टवके उडवतात. पांढरी भुकटी बाहेर येत असेल तर बरणी साध्या पाण्यात बुडवून ठेवावी, रोज पाणी बदलावं, आणि भुकटी थांबल्यावर सावलीत सुकवावी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाकण. बरण्या टिकतात, झाकणं फुटतात. त्यामुळे मूळ झाकणाची बरणी आणि बोडकी बरणी यांच्या किमतीत मोठी तफावत पडते. व्यापारी ही गरज ओळखून कुठलंही झाकण कुठेही बसवतात. झाकणाचा रंग बरणीच्या वरच्या रंगाशी उजेडात लावून बघा, आणि झाकण टेकतं तिथली कोरी कडा दोहोंवर सारखीच झिजली आहे का, तेही पाहा.

कपबशांचं काम तुलनेने सोपं, कारण तळाला बहुधा शिक्का असतो. कोकणातून घाटावर आलेल्या घरांत हॉलंडच्या मास्त्रिख्टचे, पेट्रुस रेगू यांच्या कारखान्याचे वाडगे सापडतात. त्यावर स्फिंक्सची मुद्रा असते. शिक्क्यात देशाचं नाव असणं ही कालखूण आहे. अमेरिकेच्या १८९१ पासून लागू झालेल्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून नुसतं ‘इंग्लंड’ लिहिलेला माल बहुधा त्यानंतरचा, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असं पूर्ण लिहिलेला विसाव्या शतकातला. जपानी मालावर ‘निप्पॉन’ असेल तर बहुधा १९२१ च्या आधीचा, ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचा. हा नियम अमेरिकेला जाणाऱ्या मालाचा होता. मुंबई बंदरात उतरलेल्या पेट्यांवर तो बंधनकारक नव्हता. तेव्हा त्याला खूण समजावं, पुरावा नव्हे.

देशी मालावर आपले आपले नियम लावता येतात आणि ते जास्त भरवशाचे आहेत. माप शेरात किंवा औंसात असेल तर वस्तू बहुतेक १९६० च्या आसपासची किंवा त्याआधीची, कारण मेट्रिक मापं १९५८ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने आली. चिठ्ठीवर सहा आकडी पिनकोड असेल तर ती १९७२ नंतरची. इंग्रजीत ‘पूना’ असेल तर बहुधा १९७८ च्या आधीची, ‘बॉम्बे’ असेल तर १९९५ च्या आधीची. जुन्या दुकानदारांनी जुनं नाव पुढेही चालू ठेवलेलं असतं, एवढी सूट द्यावी.

आपल्या भागात एका शिक्क्याकडे खास लक्ष ठेवावं. दौंड हे जुनं रेल्वे जंक्शन, आणि पाटसही त्याच लोहमार्गावरचं स्टेशन. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली. त्यामुळे जाड पांढऱ्या कपावर, ताटलीवर किंवा हातदिव्यावर ‘जी.आय.पी.’ ही अक्षरं असतील तर ती वस्तू त्याआधी बनली, यात वाद उरत नाही. दिसायला अगदी साधी, पण रेल्वेच्या वस्तू जमवणारे लोक वेगळे असतात आणि ते नक्षीला नव्हे, अक्षरांना पैसे मोजतात. माझ्या मते दौंड-पाटस पट्ट्यात असा टवका उडालेला कपसुद्धा सोनेरी काठाच्या अर्धवट जपानी संचापेक्षा जास्त शोधण्याजोगा आहे. एकच पथ्य पाळावं. अक्षरं झिलईच्या खाली असावीत. नखाला लागली, तिरप्या उजेडात वर उठलेली दिसली, तर ती नंतर छापलेली असू शकतात.

काचेला शिक्का क्वचित असतो, तिथे शिवण वाचावी लागते. साच्याच्या दोन पाळ्या जुळतात तिथे बाटलीवर बारीक उभी रेघ राहते. ती रेघ ओठाच्या टोकापर्यंत गेली असेल तर बाटली पूर्ण यंत्रावरची. हे यंत्र अमेरिकेत मायकेल ओवेन्सने १९०३ च्या सुमारास आणलं, आपल्याकडे ते बरंच नंतर आलं. रेघ मानेतच थांबली आणि वरचा ओठ वेगळा बसवलेला दिसला, तर हातकाम. तळाला खडबडीत वण असेल तर ती फुंकून केलेली, ओठ घडवताना तळाला धरलेल्या सळईपासून तोडल्याची खूण.

गोटी सोड्याची बाटली या नियमाला बगल देते. इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. वायूच्या दाबाने गोटी मानेतल्या रबरी कड्यावर दाबून बसते आणि बाटली आपोआप बंद होते. गोटी आत टाकल्यावरच ओठ घडवायचा असल्याने शिवण तिथे थांबणारच. शिवाय उत्तर प्रदेशातल्या सासनीला या बाटल्या अगदी अलीकडेपर्यंत बनत होत्या. म्हणून इथे वय नव्हे, अंगावर उठवलेलं सोडावाल्याचं नाव महत्त्वाचं. बाटल्या परत याव्यात म्हणून ते घालत. गावाचं नाव असलेली बाटली त्या गावच्या माणसाला हवी असते. गोटीसाठी पोरांनी बाटल्या फोडल्या, त्यामुळे जुन्या फार उरल्या नाहीत.

मराठी मुलखातल्या काचेला स्वतःचा इतिहास आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा पैसा गोळा केला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. पुढे कराडजवळ ओगले बंधूंच्या कारखान्याभोवती ओगलेवाडी वसली. तिथला ‘प्रभाकर’ कंदील वीज येण्याआधी घराघरांत होता. असा कंदील हाती आला तर पत्र्यावरचं नाव आणि काचेवरचं नाव दोन्ही वाचा. काचा फुटायच्या आणि बाजारात मिळेल ती बसवली जायची. पत्रा आणि काच एकाच कारखान्याची असणं हे झाकणासकट बरणी मिळण्याइतकंच दुर्मीळ. तळेगावची म्हणून दाखवलेली बिननावाची काच मात्र कागदपत्रांशिवाय मान्य करू नये. सांगणाऱ्याची श्रद्धा हा पुरावा होत नाही.

नक्षी कापलेली की दाबलेली, हे बोटाला कळतं. कापलेल्या नक्षीची धार बोचते, साच्यात दाबलेली बोथट लागते. हिरवट-पिवळी काच अंधारात अतिनील टॉर्चखाली झगझगीत हिरवी दिसली तर तिच्यात युरेनियम आहे. शोकेसमध्ये ठेवायला हरकत नाही. बोअरच्या जड पाण्याने आलेला पांढरा थर व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर जातो. ओली असताना स्वच्छ आणि सुकली की पुन्हा धुरकट झाली, तर काचच आतून गंजली आहे. ती धुरकटी निघत नाही, भाव उतरतो. तळाला ‘येरा’ किंवा ‘बोरोसिल’ ही नावं असलेले पेले जुने वाटले तरी त्यांना अजून फारसा भाव नाही. पूर्ण खोक्यासह संच असेल तर ठेवून द्यावा.

भाव काढताना संकेतस्थळांवर मागितलेला आकडा बघू नका, विकला गेलेला बघा. तसाच आकार, तोच शिक्का, तीच अवस्था अशा झालेल्या विक्री मिळाल्या तर मधला आकडा धरा. केसाएवढ्या चिरेने भाव बराच उतरतो, तर ओठावरचा टवका आणि डागडुजी त्याहून महाग पडते. पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात व्यापारी त्याच्या विक्रीच्या निम्म्याहूनही कमी देईल. त्याला भाडं आहे, फुटतूट आहे, आणि माल वर्षभर पडून राहण्याची शक्यता आहे. ही लूट नव्हे. जास्त हवं असेल तर थेट जमवणारा शोधावा आणि तोवर थांबावं. कुणाच्या घरातून, कुठल्या गावातून, साधारण केव्हा आली, हे कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवलं तर गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं.

एक हद्द मात्र ओलांडू नये. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. लाल भांड्यांवर काळी नक्षी असलेली जोर्वे पद्धतीची खापरं तिथलीच. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत घराच्या जमिनीखाली पुरत, हेही तिथेच दिसलं. असं खापर शेतात सापडलं तर विकायचं नसतं, पुरातत्त्व खात्याला कळवायचं असतं. ते ज्या थरात सापडलं त्यातच त्याची सगळी माहिती आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलात्मक आणि ऐतिहासिक वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. आजीच्या जुन्या कपबशा परदेशातल्या नातवाला धाडण्याआधी त्या या कायद्यात मोडत नाहीत असा पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला घ्यावा.

बरणी विकायची नसेल तर वापरायला हरकत नाही. दगडी पोताच्या, चीर नसलेल्या बरणीत कैरीचं लोणचं वर्षभर नीट राहतं. रंगीबेरंगी चकचकीत जुनी भांडी आणि जड क्रिस्टलच्या बरण्या मात्र आंबट पदार्थांना वापरू नयेत. त्यांच्या झिलईत किंवा काचेत शिसं असू शकतं आणि आंबटपणाने ते पदार्थात उतरतं.