कॉम्प्रेसर नवा, आतली घाण जुनीच

मे महिन्यात, भर दुपारी, नागपुरात माझ्या गाडीच्या एसीने गरम हवा फेकायला सुरुवात केली. कॉम्प्रेसर जाम झाला होता. एका गॅरेजात दोन तासांत नवा बसवून मिळाला आणि दिवाळीच्या आत तोही गेला. मग दुसऱ्या मिस्त्रींनी त्यातलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून दाखवलं. काळपट तेलात चांदीसारखी बारीक भुकटी चमकत होती. "साहेब, हा पहिल्या कॉम्प्रेसरचा चुरा. लाइन कोणी साफच केली नाही."

एसीतलं तेल गॅससोबत सगळ्या लाइनीतून फिरतं. त्यामुळे जुना कॉम्प्रेसर मरताना जे सोडून गेला, ते फिरत फिरत नव्याच्या पोटात येतं. म्हणून पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करायलाच हवेत. हल्लीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात, की त्यातला चुरा धुऊन निघत नाही. तो बदललेलाच बरा. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ओ-रिंगाही नव्या. ड्रायरबाबत तर घासाघीस नकोच. उघडी राहिलेली लाइन हवेतला ओलावा ओढते आणि तो शोषून घेणं हेच ड्रायरचं काम.

तेलाचा हिशेब बहुतेकदा चुकतो. नव्या कॉम्प्रेसरमध्ये अनेकदा अख्ख्या सिस्टिमचं तेल भरून येतं. जुन्यातून किती निघालं ते मापून, कंपनीने सांगितल्याप्रमाणे नव्यातलं कमी-जास्त करावं लागतं. कमी पडलं तर पुन्हा जाम, जास्त झालं तर थंडावा नाही. बेल्ट चढवण्याआधी शाफ्ट हाताने आठ-दहा वेळा फिरवायचा. आत साचलेलं तेल दाबलं जात नाही. त्यामुळे इंजिन थेट सुरू केलं तर व्हॉल्व्ह तुटू शकतो. हे मिनिटभराचं काम, पण घाईत नेमकं तेच राहतं.

मग व्हॅक्यूम, निदान अर्धा-पाऊण तास. दाब इतका खाली गेला की पाणी साध्या तापमानालाही उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागचा हलता कामा नये. हलला तर कुठेतरी लीक आहे.

गॅस अंदाजाने भरायचा नसतो. किती ग्रॅम आणि कोणता, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आर-१३४ए आणि नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ एकमेकांत मिसळू नयेत. जुना गॅस हवेत सोडणं तर अपराधच मानावा: आर-१३४ए शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो. तो मशीनने काढून घेणारं गॅरेज शोधा.

कॉम्प्रेसर बदलायला द्याल तेव्हा समोर उभे राहा. ड्रायर नवा टाकला का ते विचारा, आणि तेल किती, गॅस किती ग्रॅम, हे बिलावर लिहून घ्या.