पीटीच्या तासाला कडेला कोण बसतं?

परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताच्या सरांकडे जातो, हे आपल्याकडे बेळगावात काय किंवा गोव्यात काय, सगळ्यांनी अनुभवलंय. उरलेल्या दिवशी सर शिट्टी मारतात, दोन कॅप्टन पुढे येतात आणि आळीपाळीने गडी मागतात. शेवटी जो उरतो त्याला कुणी मागितलेलं नसतं; तो वाटणीला आलेला असतो. पाचवीत हे चालून जातं. नववीत तीच मुलं ‘सर, पोटात दुखतंय’ म्हणून झाडाखाली बसू लागतात. मुलींचं तर विचारूच नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करायला हवी. २०१६ च्या आकड्यांनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढं हलत नाहीत. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के. यावर बोलताना आपण वजन आणि साखरेपाशीच थांबतो. मला त्यातल्या एकटेपणाची जास्त काळजी वाटते.

ऑक्सफर्डमधल्या नावाड्यांवरचा एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. तेच खेळाडू, वल्ही मारायची तशीच यंत्रं. एकदा एकेकट्याने, एकदा एका लयीत सगळ्यांनी मिळून. मिळून केल्यावर त्यांची वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढलेली दिसली. संशोधकांच्या मते याचं कारण एन्डॉर्फिन्स, आणि माणसं एकमेकांशी जोडली जाण्यातही त्यांचा हात असावा.

हे वाचताना मला लेझीमच आठवलं. हलगी वाजते, रांगा धरल्या जातात, आणि तिथे कुणी कुणाला निवडत नाही. एक ठेका चुकला तरी पुढचा सापडतो. (लाजाळू मुलाला नेमकं हेच हवं असतं: लोकांत असणं, पण डोळ्यांत न भरणं.)

बास्केटबॉलचंही तसंच. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ यांनी तो शोधला, तेव्हा वर्गात १८ जण होते. म्हणून नऊ-नऊचे संघ केले. अख्खा वर्ग खेळला! आता पाच-पाच खेळतात, बाकीचे पायऱ्यांवर.

आठवड्याला पीटीचे दोन तास असतील तर त्यातला एक तरी कॅप्टनशिवाय घ्यावा. लेझमा बहुतेक शाळांत असतातच, गॅदरिंगची वाट बघत कपाटात गंजत.