किनाऱ्यावरील दगडी हत्यारांचा शोध

वर्धा जिल्ह्यातील हिंगणीचा परिसर आणि कोकणचा किनारा, दोन्हीकडचा खडक ज्वालामुखीच्या लाव्हारसाचाच. त्यामुळे बोर नदीच्या पात्रात काय किंवा समुद्रकाठी काय, काळ्या पाषाणाचे आणि गारगोट्यांचे फुटके तुकडे विखुरलेले दिसतात. त्यांतला माणसाने घडवलेला तुकडा कसा ओळखावा?

गारगोटीच्या कडेवर नेमका घाव बसला की पातळ छिलका सुटतो. घावाच्या जागेखाली त्याच्या आतल्या अंगाला फुगवटा येतो व पाण्यावरील तरंगांसारख्या रेषा उमटतात. लाटांच्या माऱ्यानेही क्वचित असा छिलका उडतो. म्हणून आपण एका खुणेवर विसंबत नाही. ओळीने काढलेले छिलके, धारेसाठी कडेवर केलेले बारीक घाव आणि असे अनेक तुकडे एकाच थरात, हे सारे जुळावे लागते.

मुंबईजवळ कांदिवली येथे कमांडर टॉड यांना गोट्यांच्या व मातीच्या थरांत पाषाणयुगीन हत्यारे मिळाली. त्यांचे वर्णन १९३९ साली प्रसिद्ध झाले. आज तेथे दाट वस्ती आहे. तरीही कोणते हत्यार कोणत्या थरातले, याची नोंद असल्यामुळे त्या हत्यारांचा क्रम आपल्याला लावता येतो.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण असते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, पुष्कळ पाणी बर्फात अडकले होते. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि मुंबईसमोरचा किनारा शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला होता. त्या किनाऱ्यावर कोणी राहिले असेल, तर त्यांच्या खुणा आज समुद्राखाली आहेत. तेव्हा वाळूत हत्यारे मिळाली नाहीत, म्हणून माणूस नव्हता असे ठरत नाही. शोध घ्यायचा तो खाड्यांच्या व नद्यांच्या जुन्या काठांवर, गुहांत आणि उंच सड्यांवर.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग देता येईल. नदीपात्रातील शंभर फुटके दगड तपासून किती दगडांवर फुगवटा दिसतो ते मोजावे. निसर्ग दगड कसे फोडतो, हे त्यावरून कळेल. शंकास्पद दगड दिसल्यास तो उचलू नये. जागा नकाशावर नोंदवावी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. थरातून उपटलेला दगड कपाटात शोभून दिसेल, पण त्याचा काळ सांगणारा पुरावा मात्र जमिनीतच राहून जाईल.