तांबडा प्रकाश आणि अवटू ग्रंथी

एक सोपा प्रयोग करा. रात्री खोलीतला दिवा मालवा, विजेरीच्या काचेवर तळहात घट्ट दाबा आणि विजेरी लावा. विजेरीचा प्रकाश पांढरा असतो. पण बोटांतून पार होऊन येतो तो तांबडा! मग बाकीचे रंग गेले कुठे? आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन निळा व हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते, तांबडा मात्र फारच थोडा शोषते. म्हणून शरीरात सर्वांत खोल शिरतो तो तांबडा प्रकाश आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश.

या साध्या गोष्टीवर आज एक उपचारपद्धती उभी राहू पाहत आहे. तांबडे दिवे बसवलेले पट्टे आणि फलक बाजारात मिळतात आणि ‘हे गळ्यासमोर धरा, थायरॉइड सुधारेल’ अशा जाहिराती केल्या जातात. या दाव्यात तथ्य किती, हे आपण पदार्थविज्ञानाच्या मोजपट्टीने तपासू.

‘काकूंना थायरॉइड आहे’ असे आपण ऐकतो. खरे तर थायरॉइड सर्वांनाच असते! ही गळ्याच्या पुढच्या बाजूस असणारी, फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी. ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडिनचे चार अणू असतात. पेशींनी ऊर्जा किती वेगाने वापरायची, हे बऱ्याच अंशी या संप्रेरकावर ठरते. ते कमी पडले की थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते. लहान मुलांत तर शरीराची आणि बुद्धीची वाढच खुंटते.

ते कमी का पडते? एक कारण म्हणजे अन्नातील आयोडिनची कमतरता. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगात आयोडिनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटते, हे दिसून आले. दुसरे कारण जपानी डॉक्टर हाशिमोतो यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या रोगाचे. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या ग्रंथीवर हल्ला चढवते. आता विचार करा : पहिल्या प्रकारात दिवा काय करणार? प्रकाशाने आयोडिनचा एकही अणू निर्माण होत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो दुसऱ्या प्रकारापुरता.

प्रकाशाचा पेशींवर असा काही परिणाम होतो, ही कल्पना आली कोठून? १९६० साली मेमन यांनी माणकाचा स्फटिक वापरून पहिला लेसर बनवला. त्याचा प्रकाश ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे गडद तांबडा. पुढे १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांनी केस काढलेल्या उंदरांच्या पाठीवर असाच क्षीण लेसर सोडला. उंदरांना कर्करोग झाला नाही. पण प्रकाश मिळालेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले! पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांमधील एक विकर हा प्रकाश शोषून घेते आणि त्यामुळे पेशींच्या कामाला चालना मिळते, असे त्याचे एक स्पष्टीकरण मांडले जाते.

हा केवळ उष्णतेचा परिणाम असेल काय? गणित करून पाहा. ५० मिलिवॅट शक्तीचा किरण एका जागी ४० सेकंद ठेवला, तर ऊर्जा मिळते २ ज्यूल. एवढ्या ऊर्जेने एक ग्रॅम पाणी जेमतेम अर्धा अंश सेल्सियसने तापते. म्हणजे हा शेक नव्हे.

अवटू ग्रंथीवर असा प्रयोग ब्राझीलमधील साव पावलो येथे झाला आणि त्याचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाशिमोतो-प्रकारच्या विकाराचे ४३ रुग्ण निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाच्या गळ्यावर दहा वेळा लेसर दिला, दुसऱ्यावर उपचाराचा नुसता देखावा केला. नऊ महिन्यांनी पाहिले, तेव्हा पहिल्या गटाला थायरॉक्सिनची गोळी दिवसाला सरासरी सुमारे ३९ मायक्रोग्रॅम लागत होती, तर दुसऱ्या गटाला सुमारे १०७. फरक लक्षणीय आहे, यात शंका नाही.

मग जाहिरात खरी मानायची का? थांबा. या प्रयोगातील लेसर ८३० नॅनोमीटरचा होता. आपला डोळा साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतच पाहू शकतो. म्हणजे ज्या प्रयोगाच्या जोरावर तांबडे दिवे विकले जातात, त्यातला प्रकाश तांबडा नव्हताच! तो अवरक्त होता. दुसरी गोष्ट खोलीची. त्वचेतून जाताना प्रकाश विखुरतो आणि क्षीण होत जातो. समजा, दर ३ मिलिमीटरला तो निम्मा होतो. मग १२ मिलिमीटरवर सोळावा हिस्साच उरेल. दिवा कोणत्या तरंगलांबीचा, किती शक्तीचा, किती अंतरावर आणि किती वेळ, हे आकडे सांगितल्याशिवाय ‘तांबडा प्रकाश’ या शब्दांना अर्थ नाही. तिसरी गोष्ट, ४३ ही संख्या लहान आहे. असा निष्कर्ष अनेक ठिकाणी, अनेक रुग्णांवर पुन्हा मिळावा लागतो. आजही या विकारावरचा प्रस्थापित उपचार थायरॉक्सिनची गोळी हाच आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गोळीतून घेतलेले थायरॉक्सिन शरीरात निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. किरणोत्सर्गी पदार्थाचा अर्धायुकाल तुम्ही शिकला आहात. हा हिशेब तसाच. समजा, कोणी गोळी बंद करून दिवा लावायला सुरुवात केली. आठवड्यानंतरही निम्मे थायरॉक्सिन शिल्लक, दोन आठवड्यांनी पाव, तीन आठवड्यांनी अष्टमांश. पहिले काही दिवस त्या व्यक्तीला बरेच वाटते आणि श्रेय मिळते दिव्याला! उतार हळूहळू होतो, म्हणून तो ध्यानात येत नाही. ज्यांची ग्रंथी जवळजवळ निकामी झाली आहे, त्यांच्या बाबतीत ही चूक जिवावरही बेतू शकते. साव पावलोच्या रुग्णांची गोळी थांबवली ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करत. घरी कोणी तसे करू म्हणत असेल, तर त्यांना हा आलेख काढून दाखवा : आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर उरलेले थायरॉक्सिन.

आणखी एक इशारा. लेसरशी खेळू नका. अवरक्त किरण दिसत नाहीत, म्हणून पापणीही मिटत नाही आणि डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. अशी एखादी जाहिरात वर्गात आणावी आणि मुलांना तीनच प्रश्न विचारावेत : आकडे कोणते दिले आहेत? तुलना कोणाशी केली आहे? तोच निष्कर्ष दुसऱ्या कोणाला मिळाला आहे का? मेस्टर यांच्या उंदरांतही प्रकाश न मिळालेला गट होताच. तो नसता, तर केस लवकर उगवले हे त्यांना तरी कसे कळले असते?