विश्लेषण : गाठीत ऑक्सिजन कमी असेल तर रेडिएशनही निष्प्रभ? गर्भाशयमुखाच्या कर्करोगात स्कॅन काय सांगतो?

जालना : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले की जालन्यातील अनेक कुटुंबे साधारण ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची वाट धरतात. आजार पुढच्या टप्प्यात असेल, तर मुख्य उपचार रेडिएशनचाच. मात्र एकाच टप्प्यातील दोन महिलांपैकी एक बरी होते, दुसरीचा आजार उलटतो. असे का? त्याचे एक कारण गाठीतील ऑक्सिजनमध्ये दडलेले आहे.

ऑक्सिजनचा संबंध काय?
रेडिएशन पेशींचा डीएनए तोडते. ऑक्सिजन असेल, तर हे नुकसान कायम राहते. नसेल, तर पेशी ते बरेचसे भरून काढते. त्यामुळे ऑक्सिजनविना पेशी मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो. गाठ वेगाने वाढते, पण तिच्यातील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात. परिणामी गाठीचे काही भाग ऑक्सिजनविना राहतात. यालाच 'हायपॉक्सिया' म्हणतात.

हा भाग दिसतो कसा?
एमआरआयमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देतात. ते जिथे कमी पोहोचते, तिथला रक्तपुरवठा कमकुवत असतो. त्यावरून हायपॉक्सियाचा अंदाज बांधता येतो. दुसरा मार्ग पेट स्कॅनचा. नेहमीचा पेट स्कॅन पेशी किती ग्लुकोज घेतात, हे दाखवतो, ऑक्सिजन नाही. त्यासाठी 'एफ-मिसो'सारखे वेगळे औषध लागते. ते कमी ऑक्सिजनच्या पेशींत अडकून राहते आणि तोच भाग स्कॅनमध्ये उजळतो.

रुग्णांना त्याचा उपयोग आहे का?
असा नकाशा मिळाला, तर नेमक्या त्या भागाला जादा डोस देता येईल, अशी कल्पना आहे. मात्र हे तंत्र अजून प्रामुख्याने संशोधनात आहे; नियमित उपचारांचा भाग झालेले नाही.

मग आज हातात काय?
मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००३ ते २०११ दरम्यान 'तीन-बी' टप्प्यातील ८५० महिलांचा अभ्यास केला. केवळ रेडिएशन घेतलेल्यांपैकी ४६ टक्के महिला पाच वर्षांनंतर हयात होत्या. सोबत सिस्प्लॅटिन ही केमोथेरपी दिल्यावर हे प्रमाण ५४ टक्के झाले.

रक्तक्षय असेल, तर गाठीला मिळणारा ऑक्सिजन आणखी घटतो. म्हणून उपचारांत हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवतात, गरजेनुसार रक्त देतात. ब्रेकीथेरपीसह संपूर्ण रेडिएशन आठ आठवड्यांत पूर्ण होणेही महत्त्वाचे. शेतीची कामे किंवा प्रवासखर्चामुळे पडलेला खंड महागात पडू शकतो.

गाठ होण्याआधीच रोखता येते?
होय. धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणीची संधी मिळालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, संबंधांनंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव होणे, ही लक्षणे अंगावर काढू नयेत.